‘गॅस ६७ टक्क्यांनी वाढला’ म्हणजे नक्की काय झालं?

सांडपाण्याच्या गाळात चरबीयुक्त कचरा मिसळून बायोगॅस करण्यावरचे चार पेपर वाचलेत, तर एक वाक्य हमखास सापडेल: चरबी मिसळल्यावर गॅस अमुक टक्क्यांनी वाढला. पीएच.डी.चा विषय शोधताना हे वाक्य आपल्याला भुरळ घालतं. लातूरला सोयाबीनच्या तेलगिरण्या आहेत, नांदेडला गुरुद्वाऱ्याच्या लंगरपासून हॉटेलांपर्यंत मोठमोठी स्वयंपाकघरं आहेत. विषय तयारच! पण माझं म्हणणं असं की, या वाक्यात शोध जवळजवळ नसतोच.

का, ते बघा. चरबीत मुळातच गॅस जास्त असतो. सैद्धांतिक हिशेबाने १ किलो चरबीतून सुमारे १ घनमीटर मिथेन मिळतो, प्रथिनांतून ०.५ आणि कर्बोदकांतून ०.४ च्या आसपास. आता उदाहरणापुरतं समजा, गाळातल्या १ ग्रॅम व्होलाटाइल सॉलिड्समधून ०.३ लिटर मिथेन येतो. १० ग्रॅमचे झाले ३ लिटर. त्यात २ ग्रॅम चरबी टाकली, २ लिटर वाढले, एकूण ५. निबंधात लिहिलं जातं: ६७ टक्के वाढ. पण बाटलीत आता १० नव्हे, १२ ग्रॅम माल आहे. प्रति ग्रॅम पाहिलं तर ०.३० वरून ०.४२, म्हणजे ३९ टक्के. आणि दोन्ही पदार्थ वेगवेगळे पचवले असते तरी बेरीज ५ लिटरच आली असती. मग मिसळण्याचा फायदा किती? शून्य! मोजून ५.५ लिटर आले असते, तर वरचा अर्धा लिटर हा तुमचा शोध.

दुसरी गोष्ट ब्लँकची. बाटलीत टाकलेलं विरजण, म्हणजे इनॉक्युलम, स्वतःही गॅस सोडतं. तो वजा केला नाही तर आकडा फुगतो. तापमानाचंही तसंच. मे महिन्यात नांदेडच्या ४२ अंशांत मोजलेला १ लिटर वायू, दाब तोच धरला तर, शून्य अंशाला जेमतेम ०.८७ लिटर भरतो. निबंधात ‘लिटर’ एवढंच लिहिलं असेल, तर तो आकडा दुसऱ्या कुणाच्या आकड्याशेजारी ठेवता येत नाही.

माझा सगळ्यात मोठा आक्षेप मात्र कालावधीवर आहे. चरबी फुटली की लांब साखळीची फॅटी अ‍ॅसिड्स तयार होतात. ती जिवाणूंना चिकटून बसतात, मिथेन करणाऱ्यांचं काम अडवतात, गाळाला वर तरंगवतात, फेस आणतात. बाटलीत चरबी एकदाच टाकलेली असते. जिवाणू काही दिवस थबकतात, मग सावरतात, आणि शेवटचा आकडा झकास दिसतो. खऱ्या डायजेस्टरला रोज खुराक मिळतो, सावरायला उसंत नसते. नाशिक महापालिकेचा, जीआयझेडच्या साहाय्याने २०१७ मध्ये सुरू झालेला रोज ३० टन क्षमतेचा प्रकल्प घ्या. तिथे हॉटेलांचा ओला कचरा आणि शौचालयांचा मैला एकत्र पचवायचा आहे. अशा ठिकाणी चालवणाऱ्याला टक्केवारी नको असते. रोज किती चरबी टाकली तर टाकी आंबणार नाही, हे त्याला हवं असतं.

आणि चरबी कोणती? पुष्कळ प्रयोगांत स्वच्छ, ताजं तेल वापरतात. प्रत्यक्षात तळणीचं तेल बायोडिझेलवाले विकत घेतात, गिरणीतल्या सोपस्टॉकलाही गिऱ्हाईक असतं. उरते ती ग्रीस ट्रॅपमधली घाण, पाणी आणि अन्नकण मिसळलेली. गाळाचंही गृहीत धरू नका. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. अशा उन्हाळ्यातलं सांडपाणी पावसाळ्यासारखं असेल का? एकदाच आणलेल्या दोन कॅन गाळावर प्रबंध उभा करणं म्हणूनच धोक्याचं.

तेव्हा सिनॉप्सिस लिहिण्याआधी हातातला प्रत्येक पेपर चार प्रश्न विचारून वाचा. आकडा प्रति ग्रॅम आहे का? ब्लँक वजा केला का? वेगवेगळ्या पचनाच्या बेरजेशी तुलना केली का? रोज खुराक देऊन टाकी किती दिवस चालवली? बहुतेक पेपर चौथ्या प्रश्नावर गप्प बसतील. तुमचा विषय नेमका तिथे आहे.