सिनेमाची पैसेवारी

आमच्या अर्जुनी मोरगावच्या बाजूला धान निसवला, की पैसेवारीची चर्चा सुरू होते. वावरातला एक तुकडा आखायचा, तेवढाच कापायचा, चुरायचा, मोजायचा आणि त्यावरून सगळ्या गावचं पीक किती पैसे आलं ते ठरवायचं. 50 पैशांच्या आत आलं तर टंचाई, वर गेलं तर सगळं आलबेल. ह्या पद्धतीवर शेतकरी जन्मभर कुरकुर करतो. मीही केली. पण सिनेमाला मार्क द्यायची वेळ आली तेव्हा मला दुसरी कोणती पद्धत सुचली नाही.

मी दहावी शिकलेला माणूस. सिनेमावर लिहिणारे कॅमेऱ्याचं, प्रकाशाचं काय काय लिहितात, ते मला कळत नाही. मी तुकडा आखतो. सिनेमात जिथं माणूस काम करत असेल, जेवत असेल किंवा हिशोब करत असेल, तेवढी जागा नीट पाहतो. ती खरी निघाली तर बाकीच्या पिकावर विश्वास ठेवतो. गाणी, मारामारी, लग्न हे सगळं तणस. तणसही लागते, बैल तीच खातात, पण पैसेवारी तणसीवर ठरत नाही.

ही खोड मला मायकडून लागली. मंडईत तंबूतल्या टॉकीजमध्ये कोणत्या तरी सिनेमात हिरॉईन धान रोवत गाणं म्हणत होती. माय जोरानं बोलली, "हे बाई रोवना नाई रोवत, चिखलात फुलं खोसते." आजूबाजूच्या बाया हसल्या. रोवण्यात कंबर दिवसभर वर येत नाही, हे त्या सगळ्यांना ठाऊक होतं. माझ्या वाचण्यात आलेली कोणतीही समीक्षा मायच्या त्या एका वाक्याच्या पुढं गेलेली नाही.

आता नातू मोबाईलवर जुने सिनेमे लावून देतो. रात्री जेवण झालं की सपरीत बसून पाहतो आणि वहीत लिहितो. नवीन वही घेतली नाही. बाबांची एक जुनी लांब वही होती, पुढची पानं भरलेली, मागची कोरी. मागून सुरुवात केली.

त्या वहीतली थोडी पैसेवारी इथं देतो.

'सांगत्ये ऐका', 1959, अनंत माने यांचा. पुण्याच्या विजयानंदमध्ये 131 आठवडे चालला. हंसा वाडकर, जयश्री गडकर. तमाशा पाहावा तर त्यात. पण शेतकरी म्हणून पाहिलं तर त्या काळच्या अशा सिनेमांत वावर म्हणजे पाटलाच्या वाड्यातून फडाकडं जायची वाट. नाचाला 80, वावराला 30.

'साधी माणसं', 1965, भालजी पेंढारकरांचा. लोहाराचा भाता, ऐरण, घण, आणि नवऱ्याबरोबर कामाला भिडलेली बायको. सूर्यकांत आणि जयश्री गडकर तिथं लोहार-लोहारीण वाटतात, कारण त्यांचं बोलणं कामाच्या मधून येते, काम थांबवून नाही. माझा आखलेला तुकडा तिथं भरून निघाला. पैसे कापले ते दुसऱ्या गोष्टीसाठी. गाव साधं आणि शहर लबाड, ही वाटणी मला पटत नाही. माझा मुलगा पुण्यात राहतो. त्याला तिथं जेवढे फसवणारे भेटले, तेवढे मला इथंच, पाटाच्या पाण्याच्या पाळीवर भेटले. 70 पैसे.

'संत तुकाराम', 1936, प्रभातचा. परदेशात व्हेनिसला त्याचा गौरव झाला. सगळे विष्णुपंत पागनीसांचं नाव घेतात, मी गौरीची जिजाई घेतो. नवरा भजनात आणि घरात दाणा नाही, तेव्हा बाई जशी करवादते तशीच ती करवादते. शेवटी विमान तुकोबाला न्यायला येते आणि ही संसारातच राहते. आमच्या गावात अशा बाया मी मोजून दाखवीन. 85.

बाबूराव पेंटरांचा 'सावकारी पाश' 1925 चा मूकपट. सावकारानं जमीन खाल्लेला तरुण शेतकरी, जो शहरात मजुरीला जातो, ते काम त्यात व्ही. शांताराम यांनी केलं होतं. पुढं 1936 मध्ये पेंटरांनीच तो बोलका करून पुन्हा काढला. मूकपटाची रीळं आज उरलेली नाहीत. न पाहिलेल्या पिकाची पैसेवारी मी लावत नाही. तलाठ्यानं लावली तर आपण भांडतो ना?

आता 'दो बीघा जमीन'. ह्याची पैसेवारी मी तीनदा खोडली.

तेव्हा मी बारा-तेरा वर्षांचा. जिल्हा भंडाराच होता, गोंदिया वेगळा व्हायला 1999 उजाडलं. मंडईत टॉकीजवाल्यानं हा जुना हिंदी सिनेमा लावला. बाबा खुर्चीच्या तिकिटात, मी त्यांच्या बाजूला. आमचा सालदार समोर जमिनीवर, तणसीवर बसलेला. 1953 चा सिनेमा, बिमल रॉय यांचा. बलराज साहनी शंभू शेतकरी झालेत. जमीनदाराला गिरणीसाठी शंभूची दोन बिघे जमीन पाहिजे. शंभू घरातलं किडूकमिडूक विकून 65 रुपये जमवतो आणि कर्ज फेडायला जातो. तिथं वही उघडतात तर 235 रुपये निघतात. त्यानं मालकाकडं केलेलं काम वहीत चढलेलंच नसते. मग कोर्ट, तीन महिन्यांची मुदत, कलकत्ता, हातरिक्षा. रिक्षाचं चाक निखळते तो प्रसंग आला तेव्हा बाबांनी दुपट्ट्यानं डोळे पुसले. बाबांना रडताना मी पहिल्यांदा पाहिलं. शेवटी शंभू परत येतो तर जमीन गेलेली, तिथं गिरणी उभी राहते आहे. तो मूठभर माती उचलतो, तर राखणदार तीही टाकायला लावतो. तंबूत कोणी बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सालदारानं शेण काढलं, बैल सोडले आणि जायच्या आधी सपरीच्या पायरीशी उभा राहिला. हळूच म्हणाला, "माहे किती झाले जी मालक?"

बाबा चहा पीत होते. त्यांचा चेहरा एकदम बदलला. "काऊन रे, सिनेमा पाहून आला का?"

तो गेला. वही उघडली नाही. बाबांनी दिवसभर कोणाशी धड बोलणं केलं नाही. माझे बाबा दुष्ट नव्हते, हे मुद्दाम सांगतो. पोळ्याला सालदाराला नवं धोतर घेत, त्याच्या घरी तापकरी असला तर गाडी जुंपून देत. रात्री शंभूसाठी रडलेले तेही खरं होतं.

ती वही म्हणजे हीच, जिच्या मागून मी सिनेमे लिहितो. बाबा गेल्यावर पुढची पानं वाचली. पोरीच्या लग्नाची उचल, त्यावर व्याज, दर साली नवी उचल. सालदाराची बायको आमच्या बांध्यांत रोवण्याला यायची, निंदणाला यायची, हे मी डोळ्यानं पाहिलं. वहीत तिची एक रोजी नाही. वेठबिगारी बंद करणारा कायदा 1976 मध्ये आला. आमच्या वहीतलं खातं त्याच्यापुढंही चालू आहे.

तेव्हापासून 'दो बीघा जमीन'बद्दल मला एक प्रश्न पडतो. हा सिनेमा पाहून सालदाराला आपला हिशोब आठवला, पण बाबांना आपली वही का आठवली नाही? मला वाटते, त्यातला जमीनदार पहिल्या नजरेतच खराब माणूस दिसतो. त्याला पाहून कोणीही म्हणणार, मी असा नाही. बाबा तेच म्हणाले असतील आणि मोकळ्या मनानं शंभूच्या बाजूला जाऊन रडले असतील. पाहणाऱ्याला इतकी सोपी जागा दिली, ही त्या मोठ्या सिनेमाची मोठी चूक.

ही चूक 'सामना'नं केली नाही. 1975 चा, लेखन विजय तेंडुलकरांचं, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं. निळू फुलेंचा हिंदुराव पाटील कारखानदार आहे, पण पाहुणचार करणारा, गावात सुधारणा आणणारा. श्रीराम लागूंच्या दारुड्या मास्तराला तो आपल्या घरी ठेवतो, खाऊपिऊ घालतो. आणि मास्तर त्याचंच खाऊन विचारत राहतो, की मारुती कांबळेचं काय झालं. आमच्याकडं ऊस नाही, साखरेचं राजकारण नाही. पण हिंदुराव प्रेमानं वाढतो तेव्हा मला पोळ्याचं धोतर आठवलं. त्यात मला बाबा दिसले, आणि बाबांची वही जपून ठेवणारा मीही दिसलो. 90 पैसे.

सालदार आता नाही. मागच्या उन्हाळ्यात मी वही घेऊन त्याच्या मुलाकडं गेलो. व्याज सोडून आणि त्याच्या मायची रोजी धरून मी हिशोब केला होता. त्यानं वही हातात घेतली नाही. म्हणाला, "आता का करता जी काका, ते जुनं झालं." मग थोड्या वेळानं विचारलं, "बाबा सांगे, एक पिक्चर पाहून त्यानं मालकाले हिशोब मांगला होता. कोणता होता तो?"

त्याला घरी बोलावलं. नातवानं सिनेमा लावून दिला. 65 चे 235 होतात तिथं मी त्याच्याकडं पाहिलं नाही. सिनेमा संपला.

"त्याची जमीन गेली ना?"

"हाव."

"आमची तं नव्हतीच."

पन्नास वर्षांत हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. दोन बिघे गेले म्हणून आपण रडतो, म्हणजे दोन बिघे असणाऱ्यासाठी रडतो. ज्याच्या नावावर धुराही नाही, तो ह्या सिनेमात कुठं आहे? मी त्याला म्हटलं, पैसेवारी तू लाव. बराच वेळ विचार करून म्हणाला, "60 लिहा." मी माझे 90, 75, 80 खोडलेलेच होते. त्यांच्या खाली 60 लिहिले.

माझ्या हिशोबाचा कागद तो जाताना घेऊन गेला. अजून काही बोलला नाही. पण कागद घेऊन गेला.