दुसऱ्याचे म्हणजे कोणाचे?

उच्च शिक्षणसंस्थांमधील वाङ्मयचौर्य रोखण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली विनियम काढले. प्रबंध लिहिणाऱ्यांना ते आकड्यांवरून ठाऊक असतात. १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर शिक्षा नाही. १० ते ४० टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रत द्यायची. ४० ते ६० टक्के असेल तर एक वर्षापर्यंत ती देता येत नाही, आणि ६० च्या पुढे नोंदणी रद्द. मला मात्र या दस्तऐवजातल्या आकड्यांपेक्षा त्यातली व्याख्या अधिक बोलकी वाटते. दुसऱ्या कोणाचे काम किंवा कल्पना घेऊन ती आपलीच म्हणून मांडणे म्हणजे वाङ्मयचौर्य, असा तिचा आशय आहे. या व्याख्येला दोन माणसे लागतात : एक घेणारा आणि एक ज्याचे घेतले तो.

३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी लोकांसाठी खुले झाले आणि यातला दुसरा माणूस नाहीसा झाला. यंत्राने लिहून दिलेला निबंध कोणाच्याही पुस्तकातून जसाच्या तसा उचललेला नसतो, त्यामुळे साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला तो बहुधा स्वच्छच दिसतो. विद्यापीठांनी यावर शोधलेला उपाय म्हणजे आणखी एक टक्केवारी : मजकूर किती टक्के यंत्राने लिहिला आहे ते सांगणारी. हे दोन आकडे शेजारी छापले जातात म्हणून ते एकाच जातीचे वाटतात, पण तसे नाही. साम्याचा आकडा मूळ मजकुराकडे बोट दाखवतो. तो मजकूर उघडून, दोन्ही ताडून पाहता येतात आणि आकडा चुकला आहे असेही म्हणता येते. यंत्रलेखनाचा आकडा कशाकडेच बोट दाखवत नाही. तो शैलीवरून बांधलेला अंदाज आहे, आणि अंदाजाविरुद्ध पुरावा द्यायचा तरी कसा?

हा अंदाज किती कच्चा असतो याच्या नोंदी आहेत. ज्या ओपनएआयने चॅटजीपीटी बनवले, तिनेच जानेवारी २०२३ मध्ये असे मजकूर ओळखण्याचे साधन काढले. कंपनीच्याच चाचणीत त्याने यंत्राच्या मजकुरांपैकी २६ टक्केच ओळखले आणि माणसांच्या मजकुरांपैकी ९ टक्क्यांवर चुकीचा शिक्का मारला. जुलैमध्ये ते बंद झाले. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशी सात साधने तपासली. इंग्रजी ही मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल परीक्षेसाठी लिहिलेले ९१ निबंध त्यांनी घेतले होते. सरासरी ६१ टक्के निबंध यंत्राचे ठरवले गेले. अमेरिकी शाळकरी मुलांचे निबंध मात्र याच साधनांनी जवळजवळ अचूक ओळखले. कारण सरळ आहे : पुढचा शब्द कोणता येईल हे जितके सहज ओळखता येते, तितका मजकूर यंत्राचा असल्याचा संशय वाढतो. परकी भाषा जपून, शिकवलेल्या वाक्यरचनांतच लिहिणाऱ्याचे पुढचे शब्द ओळखता येतातच. व्हँडरबिल्ट विद्यापीठाने ऑगस्ट २०२३ मध्ये असे साधन वापरणे थांबवले. आदल्या वर्षी तिथे ७५,००० लेखन तपासले गेले होते. चूक अवघी १ टक्का धरली तरी ७५० लेखनांवर खोटा आरोप आला असता.

आपल्याकडे हे गणित अधिकच बोचणारे आहे. भारतातल्या बहुतेक विद्यार्थ्यांसाठी इंग्रजी ही जपून लिहायचीच भाषा आहे. मराठी माध्यमातून आलेली मुलगी ‘प्रथम’, ‘तसेच’, ‘सारांश’ यांच्या इंग्रजी प्रतिशब्दांवर पाय ठेवत निबंध पार करते. तिला तसेच शिकवले गेले आहे. आज तोच नेटकेपणा तिच्याविरुद्धचा पुरावा होतो. २०२४ साली हरयाणातल्या एका खासगी विद्यापीठाच्या विधी शाखेतल्या विद्यार्थ्याने यंत्राच्या वापरावरून नापास केल्याच्या निर्णयाला पंजाब आणि हरयाणा उच्च न्यायालयात आव्हान दिले. प्रकरण चालू असतानाच विद्यापीठाने त्याला उत्तीर्ण केले आणि याचिका निकाली निघाली. आरोप कशाने सिद्ध व्हावा हा प्रश्न तसाच राहिला.

यावरून सगळे विद्यार्थी निर्दोष आहेत असे मला म्हणायचे नाही. महाराष्ट्राबाहेरच्या एका विद्यापीठात मी पाहुणी अध्यापक म्हणून अनुवाद शिकवते, आणि यंत्राचा वापर माझ्या वर्गात सर्रास होतो. पण यंत्र इतक्या सहज कामाला आले, यात आपल्या प्रश्नपत्रिकांचाही वाटा आहे. महाराष्ट्रात शिकलेल्या कोणालाही ‘२१ अपेक्षित’ हे शब्द परके नाहीत. अपेक्षित प्रश्न, अपेक्षित उत्तर, अपेक्षित मुद्द्यांना गुण. रसग्रहणाचेसुद्धा आपण साचे केले. सर्वांत अपेक्षित शब्द पुढे ठेवणे हेच ज्या यंत्राचे काम, ते या परीक्षेत पहिले येणार यात नवल नाही. आता पुन्हा तीन तासांच्या हस्तलिखित परीक्षेकडे वळा म्हणणाऱ्यांनी एवढेच आठवावे की गाइडचा धंदा त्या परीक्षेवरच उभा राहिला होता.

अनुवादकाला या चर्चेत आणखी एक गोष्ट खटकते. विद्यापीठाच्या कोशात लेखनाचे दोनच प्रकार आहेत, स्वतःचे आणि चोरलेले. इंग्रजी पुस्तकातले प्रकरण मराठीत उतरवून, नाव न घेता प्रबंधात घातले तर शब्द जुळवणारे सॉफ्टवेअर सहसा मूग गिळून बसते. ही वाट चॅटजीपीटीच्या कितीतरी आधीपासून वहिवाटीची आहे. याउलट मराठी ग्रंथव्यवहाराने ऋण मोजण्यासाठी शब्दांची एक उतरंडच तयार केली : भाषांतर, अनुवाद, स्वैर अनुवाद, रूपांतर, ‘आधारित’, ‘कल्पनेवरून सुचलेले’. आगरकरांचे ‘विकारविलसित’ (१८८३) हे ‘हॅम्लेट’चे भाषांतर म्हणून ओळखले जाते, तर देवलांचे ‘झुंझारराव’ (१८९०) हे ‘ऑथेल्लो’चे रूपांतर म्हणून. दोघांनीही शेक्सपिअरकडून घेतले, पण आपण दोघांना एकाच पारड्यात घालत नाही. किती घेतले याइतकेच, घेऊन काय केले हेही आपण विचारतो. ही सवय वर्गात आणता येईल.

एक उदाहरण देते. मी एक इंग्रजी परिच्छेद अनुवादासाठी दिला होता. वक्ती स्त्रियांच्या सभेत बोलते आहे, मागच्या रांगांत काही पुरुषही आहेत, आणि ती वारंवार ‘वी’ म्हणते. मराठीत तिथे थांबावेच लागते : ‘आम्ही’ की ‘आपण’? ऐकणारा त्यात आहे की बाहेर? तेलुगू विद्यार्थ्यापुढे ‘मेमु’ आणि ‘मनम्’ उभे राहतात, गुजरातीपुढे ‘अमे’ आणि ‘आपणे’, तमिळपुढे ‘नांगळ’ आणि ‘नाम्’. हिंदीवाल्याला ‘हम’ एकच, बंगाली मुलीला ‘आमरा’ एकच. त्यांना हा भेद दुसऱ्या वाटेने आणावा लागतो. यंत्राने मराठीत सगळीकडे ‘आम्ही’ घातले. दोन विद्यार्थ्यांनी यंत्र वापरल्याचे सांगितले. एकाने मजकूर तसाच दिला होता. या ‘आम्ही’त मागच्या रांगा आहेत का, असे विचारल्यावर सभेत मागच्या रांगा आहेत हेच त्याला ठाऊक नव्हते. दुसरीने दोन ठिकाणी ‘आपण’ केले होते, आणि वक्ती तिथे पुरुषांनाही आत घेते असे तिचे म्हणणे होते. मला एक जागा पटली, दुसरी पटली नाही. आम्ही दहा मिनिटे वाद घातला. टक्केवारी काढली असती तर दोघे जवळपास सारखेच दिसले असते. वाचले होते फक्त एकीने.

म्हणून माझे म्हणणे असे की प्रत्येक लेखनासोबत ऋणाची नोंद असावी : काय वाचले, यंत्राकडून काय घेतले, काय बदलले आणि का. मग त्या नोंदीवर आणि मजकुरावर थोडा वेळ तोंडी प्रश्न असावेत. गुण या दोन्हींना मिळावेत.

यावरचे आक्षेप खरे आहेत. तोंडी परीक्षेत आत्मविश्वासाला, उच्चाराला, कधी आडनावालाही गुण मिळतात. बुजणारी मुलगी तिथेही मागे पडू शकते. म्हणून प्रश्न तिच्याच मजकुरावरचे असावेत, तिला सोयीच्या भाषेत असावेत, आणि बोलणे जड जाणाऱ्याला वर्गात बसून लिहून उत्तर देता यावे. दुसरा आक्षेप संख्येचा. शंभर-सव्वाशे मुलांच्या वर्गात तासिका तत्त्वावरच्या अध्यापकाने हे करायचे कधी? त्याला घड्याळी तासाचे मानधन मिळते, ऐकण्याचे मिळत नाही. सॉफ्टवेअरचा परवाना विकत घेणे त्यापेक्षा स्वस्त पडते, आणि टक्केवारीची लोकप्रियता मुख्यतः त्यातून येते असे मला वाटते. पण मग हा प्रश्न विद्यार्थ्यांच्या प्रामाणिकपणाइतकाच आपल्या अंदाजपत्रकाचाही आहे, हे निदान स्पष्ट म्हणावे.

‘दुसऱ्याचे’ हा शब्द २०१८ च्या व्याख्येला पुरत होता. आता विद्यार्थ्याला विचारायचे ते इतकेच : यातल्या कोणत्या वाक्याबद्दल तू उत्तर देशील? उत्तरपत्रिका या शब्दाकडून एवढी अपेक्षा करायला हरकत नसावी. ते उत्तर ऐकायला समोर कोणीतरी बसवणे मात्र विद्यापीठाचे काम आहे.