‘हू गोज देअर?’ : एक परीक्षण

अमेरिकेंत ज्यांना ‘पल्प’ म्हणत, त्या खरबरीत कागदावरच्या स्वस्त मासिकांकडे पाहून सुशिक्षित वाचक नाक मुरडीत असे. ही अढी निराधार होती असें आम्ही म्हणत नाहीं. त्यांतलें पुष्कळसें लेखन रद्दीच्याच योग्यतेचें होतें. परंतु जॉन कॅम्बेल यांची ‘हू गोज देअर?’ ही दीर्घकथा तशी नव्हे. ‘अस्टाउंडिंग सायन्स-फिक्शन’च्या ऑगस्ट १९३८ च्या अंकांत ती डॉन स्टुअर्ट या टोपणनांवानें आली. मासिकाचे संपादक तेव्हां स्वतः कॅम्बेलच होते! कथेचें नांव म्हणजे पहारेकऱ्याची हांक : कोण आहे तिकडे?

दक्षिण ध्रुवाकडील संशोधकांच्या तळावर, दोन कोटी वर्षें बर्फांत गाडलेला एक परग्रहावरील प्राणी आणला जातो. बर्फ वितळतांच तो जिवंत होतो, आणि ज्या जीवास गांठील त्याचें हुबेहूब रूप घेतो. रूपच काय, स्मृति आणि बोलण्याची लकबहि उचलतो. मग शेजारच्या खाटेवरचा सोबती माणूसच आहे हें ओळखावें कसें? भुताखेतांच्या गोष्टींत याचें उत्तर मांत्रिक देतो. येथें तें प्रयोगानें काढावें लागतें, आणि कथेची खरी थोरवी आम्हांस यांतच दिसते. कुत्र्याला मानवी रक्त टोंचून, त्याच्या रक्तद्रवावरून माणूस पारखण्याचा पहिला प्रयोग फसतो. कारण ज्या दोघांनीं रक्त दिलें त्यांतलाच एक जण माणूस नसतो. राक्षसाच्या कोणत्याहि वर्णनापेक्षां हा क्षण अधिक भयंकर आहे. पुढें मॅकरेडी अनुमान बांधतो कीं, या प्राण्याचा प्रत्येक तुकडा हा स्वतंत्र जीव, तेव्हां त्याचें रक्तसुद्धां स्वतःस वांचविण्यास धडपडेल. म्हणून प्रत्येकाचें थोडें रक्त घेऊन त्यास तापलेली तार लावावयाची. तर्क आणि थरार इतके एकजीव झालेले आम्ही क्वचितच पाहिले.

दोष मात्र मोठा आहे. तळावर ३७ माणसें, पण मॅकरेडीसारखीं दोन-चार सोडलीं तर एकाचें बोलणें दुसऱ्याच्या तोंडीं घातलें तरी कळूं नये! ज्याला आम्ही ओळखलेंच नाहीं, तो बदलला म्हणून आम्हांस धक्का कसा बसावा? १९५१ च्या ‘द थिंग फ्रॉम अनदर वर्ल्ड’ या चित्रपटानें तर रूप घेण्याची कल्पनाच टाकून दिली, आणि नुसता राक्षस उरला. १९८२ सालीं जॉन कारपेंटर यांनीं ‘द थिंग’मध्यें ती परत आणली, तेथें नटांचे निरनिराळे चेहरेच लेखकाची उणीव भरून काढतात.

या कथेचा अधिक लांब खर्डा हार्वर्ड विद्यापीठांतील कागदपत्रांत सांपडून २०१९ सालीं ‘फ्रोझन हेल’ या नांवानें प्रसिद्ध झाला. त्यांत तो प्राणी सांपडण्याची हकीकत विस्तारानें आहे. छापील कथेंतून ती जवळजवळ सगळी गेली, आणि कथा एकदम तळाच्या कोंदट वासांत, ताडपत्रींत गुंडाळलेल्या त्या वस्तूभोंवतीं जमलेल्या माणसांतच सुरू होते. येथें मात्र संपादकानें लेखकावर मात केली.