रनीमीडचा नामलेख : एक परीक्षण

अंबरनाथच्या शिलाहारकालीन देवळांतील लेखाचा शक डॉ. भाऊ दाजी यांनीं ७८२ असा वाचला. पुढें पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं तो ९८२ असल्याचें दाखविलें. एका अंकानें दोनशें वर्षांचा फरक पडला. अशा चिकित्सेची संवय असलेल्या वाचकांपुढें आज एक अर्वाचीन लेख ठेवीत आहें. त्यांतील अक्षर स्पष्ट आहे. माझा आक्षेप मांडणीवर आहे.

इंग्लंडांत टेम्स नदीजवळ रनीमीड येथें १७ ऑक्टोबर १९५३ रोजीं एका स्मारकाचें उद्घाटन झालें. दुसऱ्या महायुद्धांत ब्रिटन व वायव्य युरोप येथील तळांवरून उडालेले आणि ज्यांची समाधि कोठेंच नाहीं, अशा वीस हजारांहून अधिक वायुसैनिकांचीं नांवें तेथें कोरलीं आहेत. देह न सांपडलेल्या मृताकरितां पळसाचा पर्णनर करून त्यास अग्नि द्यावा, असें आपलें धर्मशास्त्र सांगतें. हेतु दोहींकडे एकच. मात्र पर्णनर जळून जातो, कोरलेलें नांव राहतें. म्हणून तें पुरावा या दृष्टीनें वाचणें प्राप्त होतें.

उदाहरणार्थ, व्हिव्हियन निकल्सन हा वीस वर्षांचा सार्जंट घ्यावा. १७ मे १९४३ रोजीं ज्या लँकॅस्टर विमानाच्या बाँबनंतर जर्मनींतील म्योने धरण फुटलें, त्या विमानाचा हा दिग्दर्शक. त्याच वर्षीं १४-१५ सप्टेंबरच्या रात्रीं, मोहीम रद्द होऊन परततांना, त्याचें विमान उत्तर समुद्रांत पडलें. आठांपैकीं मुख्य वैमानिक डेव्हिड मॉल्टबी याचाच देह हातीं लागला व त्यास केंट परगण्यांत समाधि मिळाली. उरलेले सात जण रनीमीडच्या भिंतीवर आहेत.

परंतु तेथें नांवांचा क्रम वर्ष, दल व हुद्दा यांप्रमाणें आहे. त्यामुळें बाँब सोडणारा जॉन फोर्ट अधिकाऱ्यांत, तर निकल्सन सार्जंटांत गेला. एकत्र बुडालेले सोबती दगडावर विलग झाले. या क्रमानें नांव शोधणें सुकर होतें, हें मान्य. पण दप्तर सोडून कागद आकारमानाप्रमाणें लावले असतां जी हानि होते, तीच ही होय.

बॉम्बर कमांडचे ५५,५७३ लोक कामास आले. त्याच दलांत दिग्दर्शक असलेले आपले शैलेंद्र एकनाथ सुखटणकर डी. एफ. सी. पदक मिळवून परत आले. परतलेल्यास आपली हकीकत सांगतां येते. न परतलेल्याची ती इतरांनींच जुळवावी लागते.

आमच्या शेजारीं उल्हासनगरांत युद्धकालीन छावणीचे क्रमांक अद्याप लोकांच्या तोंडीं आहेत. तेथून गेलेल्या शिपायांचीं नांवें नाहींत. अंबरनाथ-बदलापूरकडे कोणा घरीं त्या काळचीं पत्रें वा तारा असल्यास संग्राहकांनीं तीं वेगळीं काढूं नयेत. ज्या गठ्ठ्यांत व ज्या क्रमानें मिळतील तसेंच त्यांचें टिपण करावें, ही विनंति.