प्रलयानंतरचा पुढारी

जग बुडाल्यावर उरलेल्यांचें काय होईल, ह्या एका प्रश्नावर इंग्रजी वाङ्मयांत कादंबऱ्यांची स्वतंत्र शाखाच फोफावली आहे. मेरी शेली ह्या लेखिकेनें १८२६ सालीं ‘द लास्ट मॅन’ मध्यें साथीच्या रोगानें मनुष्यजात संपविली. १९४५ सालीं हिरोशिमावर अणुबाँब पडल्यानंतर तर ह्या पिकास चांगलाच बहर आला. ह्या ग्रंथांतून जो पुढारी भेटतो तो बहुधा ठराविक सांच्याचा असतो. संकट आलें कीं तो निर्दय निर्णय घेतो, दोनचार माणसें बळी देतो, आणि ती निर्दयता हेंच नेतृत्व असें वाचकानें मुकाट्यानें मानावें, अशी लेखकाची अपेक्षा असते. जॉर्ज स्टुअर्ट ह्यांच्या ‘अर्थ अबाइड्स’ (१९४९) ह्या कादंबरींतही एक मनुष्य फांशीं दिला जातो. परंतु लेखकाची नजर त्या दोरावर खिळलेली नाहीं. ती त्याच्या मागच्या-पुढच्या वर्षांवर आहे, आणि म्हणूनच हा ग्रंथ आम्हांस त्याच्या साऱ्या भाऊबंदांहून थोर वाटतो.

स्टुअर्ट हे कॅलिफोर्निया विद्यापीठांत, बर्कले येथें, इंग्रजीचे प्राध्यापक होते. कादंबरीचा नायक इशरवुड विल्यम्स, ऊर्फ इश, हाही विद्यापीठांतलाच. भूगोलाचा संशोधक विद्यार्थी. डोंगरांत एकटा असतां त्याला सर्पदंश होतो, आणि बरा होऊन खालीं उतरतो तों एका साथीनें देश ओस पडलेला. घरें उभीं, दुकानें भरलेलीं, नळास पाणी, कांहीं काळ दिव्यांस वीजही. माणूस मात्र नाहीं. पुढें त्याला एम भेटते, आणखी कांहीं जण येऊन मिळतात, मुलें होतात, आणि सान फ्रान्सिस्कोच्या उपसागराकांठीं एक लहानशी टोळी वसते. हिब्रू भाषेंत ‘इश’ म्हणजे पुरुष व ‘एम’ म्हणजे आई, हें ज्यांस ठाऊक आहे त्यांस नांवांतील संकेत कळेल. आपल्या पूर्वजांत कृष्णवर्णीय होते हें एम भीत भीत सांगते, तेव्हां इश हंसतो. गोऱ्या-काळ्यांच्या विवाहावरील बंदी ज्या कॅलिफोर्नियांत न्यायालयानें १९४८ सालीं उठविली, तेथल्या प्राध्यापकानें पुढच्याच वर्षीं तें हंसूं छापलें, हेंही जातां जातां नोंदवून ठेवतों.

फांशीचा प्रसंग असा. टोळींतील दोन तरुण दूरच्या प्रवासाहून परततात ते चार्ली नांवाच्या एका अनोळखी माणसास घेऊन. तो हंसतमुख, बोलघेवडा, आणि जवळ पिस्तूल बाळगणारा. ईव्ही नांवाच्या मंदबुद्धि मुलीवर त्याची दृष्टि पडते. शिवाय आपणांस नाना गुप्तरोग आहेत हें तो स्वतःच इशच्या मित्रास, एझ्रास, सांगून बसतो. इश, एम, एझ्रा आणि जॉर्ज असे चौघे विचारास बसतात. हद्दपार करावें, तर तो परत येईल. कोंडून ठेवावें, तर तुरुंग नाहीं आणि पहारेकरीही नाहींत. त्यानें अद्याप ह्या जागीं कोणताही गुन्हा केलेला नाहीं, ही गोष्ट इशच्या मनाला टोंचत असते. शेवटीं चिठ्ठ्या टाकून निकाल होतो, आणि ओकच्या झाडाखालीं तो अमलांत येतो.

स्टुअर्ट ह्यांनीं येथें वकिली केलेली नाहीं व अश्रुही ढाळलेले नाहींत. चिठ्ठीवर नांव नसतें, म्हणून निर्णय कोणा एकाचा राहत नाहीं; तो टोळीचा होतो. त्या चार चिठ्ठ्यांतून राजसंस्था जन्मास येते, आणि जन्मतःच तिचे हात माखलेले असतात. पण चौघांनीं ठरवावें आणि बाकीच्यांनीं निकाल ऐकावा, हा अधिकार त्यांस दिला कोणी, हा प्रश्न आम्हांस पडतो. ग्रंथकारास तो पुरेसा पडलेला दिसत नाहीं. जिच्या रक्षणासाठीं हें सारें झालें ती ईव्ही तर त्याच्या लेखीं केवळ एक निमित्त आहे.

थोड्याच दिवसांत टोळींत विषमज्वर शिरतो. तो चार्लीबरोबरच आला असावा. ज्या धोक्यासाठीं मनुष्य मारला तो टळला, आणि ज्याचा कोणी विचारही केला नव्हता त्यानें मुलें नेलीं. इशचा लाडका मुलगा जोई त्यांतच जातो. साऱ्या पोरांत वाचनाची खरी ओढ होती ती ह्या एकट्या पोराला, आणि बापाची सगळी आशा त्याच्यावर होती.

त्यापूर्वींचीं एकवीस वर्षें टोळी दुकानांतल्या डब्यांवर जगत आली होती. विहीर खणावी हें नळ कोरडे पडल्यावर सुचलें. शेती करूं, मुलांना नीट शिकवूं, असें इश म्हणत राही. मंडळी मान डोलावीत आणि आपल्या उद्योगास जात. चार्लीस मारण्याचा निर्णय एका बैठकींत झाला. मुलांना वाचावयास शिकविण्याचा निश्चय एकवीस वर्षांत तडीस गेला नाहीं. पहिल्या कामास धैर्य लागलें असें आपण म्हणतों, पण पाठीशीं भीति असली कीं धैर्यास फार श्रम पडत नाहींत. दुसऱ्या कामासाठीं रोज सकाळीं उठून माणसांच्या सुखवस्तु आळसाशीं भांडावें लागतें, आणि इशचा पिंड पाहणाऱ्याचा आहे, भांडणाऱ्याचा नव्हे. रस्ते कसे उखडतात, उंदीर कसे वाढतात व कसे मरतात, ह्याचीं तो सुरेख निरीक्षणें करतो. विद्वानाचा हा दोष एका प्राध्यापकानेंच इतका नेमका टिपावा ह्याची गंमत वाटते. आमच्यासारख्यांस ती थोडी झोंबतेही.

जॉन विंडम ह्यांच्या ‘द डे ऑफ द ट्रिफिड्स’ (१९५१) शीं तुलना केल्यास स्टुअर्ट ह्यांचें वेगळेपण ध्यानांत येईल. तेथें एका रात्रींत बहुतेक सारें जग आंधळें होतें. डोळसांनीं निवडक मंडळी घेऊन लंडन सोडावें असें बीडलीचें मत. उलट कोकर हा डोळसांस पकडून बेड्यांनीं आंधळ्यांशीं जखडतो, कीं त्यांनीं जमेल तितक्यांस जगवावें. वाद जोरकस आहे. पण लेखकच मध्यें रोगाची साथ आणून आंधळ्यांस मारतो, आणि कोकरची बाजू युक्तिवादावांचून निकालांत निघते. इशला अशी सुटका मिळत नाहीं. आपण जें केलें व जें केलें नाहीं त्याच्यासह त्याला म्हातारें व्हावें लागतें.

इशजवळ डोंगरांत सांपडलेला एक हातोडा आहे. दर वर्षीं त्यानें तो खडकावर त्या वर्षाचा आंकडा कोरतो, आणि पोरें त्या हातोड्यास भिऊं लागतात. आपल्या वाचकांस येथें मौसलपर्वांतील अर्जुन आठवेल. द्वारका बुडते, उरलेल्या यादवस्त्रियांस व मुलांस घेऊन तो निघतो, वाटेंत आभीर त्यांस लुटतात, आणि गांडीव त्याच्या हातांत निकामी ठरतें. तेथें जगाबरोबर शस्त्राचें तेजही मावळलें. येथें ज्ञान जसजसें ओसरतें तसतसें हातोड्याचें तेज वाढत जातें, आणि ज्याला शिक्षक होतां आलें नाहीं त्याला लोक देव करून ठेवतात.

जोई गेल्यावर इश शाळा मोडतो, आणि मुलांना खेळणें म्हणून धनुष्यबाण करून देतो. काडतुसें संपल्यावर नातवंडें त्यावर जगतील हा हिशेब. ग्रंथकार ह्यास शहाणपण समजतो. आमचें त्याच्याशीं येथें जमत नाहीं. धनुष्य दिलें तें योग्यच. पण त्यासाठीं अक्षरओळख सोडली पाहिजे हें कोठून आलें? विद्यापीठाचें ग्रंथालय शाबूत आहे. इशनें मुलांच्या मनांत त्याविषयीं असा धाक घातलेला आहे कीं त्यांतल्या पुस्तकांस कोणी हात लावूं नये. पुस्तकें त्यामुळें वांचलीं, आणि त्यामुळेंच मेलीं.

शेवटच्या भागांत इश जख्ख म्हातारा झाला आहे. तरुण शिकारी त्याच्यापुढें बसून प्रश्न विचारतात, आणि उत्तर लवकर आलें नाहीं तर देवाला चिमटे काढतात! मरतां मरतां तो हातोडा एका तरुणाच्या स्वाधीन करतो. ह्या नव्या पिढीच्या बाणांचीं अग्रें जुनीं नाणीं ठोकून केलेलीं आहेत. तांब्याचें अग्र कोणत्या जनावरास व रुप्याचें कोणत्या, ह्याविषयीं त्यांची ठाम श्रद्धा आहे. नाण्यावर काय लिहिलें आहे तें त्यांच्यापैकीं कोणासही वाचतां येत नाहीं.