‘सौम्य’ म्हणजे किती सौम्य?

1899 साली नॉर्वेतील त्वचारोगतज्ज्ञ सीझर बोएक यांनी एका रुग्णाच्या अंगावरील गाठींवर निबंध प्रसिद्ध केला. शीर्षक होते ‘त्वचेचे अनेक सौम्य सार्कॉइड’. त्यावरूनच पुढे ‘सार्कॉइडोसिस’ हे नाव रूढ झाले. पेशींच्या घट्ट पुंजक्यांचे (ग्रॅन्युलोमाचे) बोएक यांनी केलेले वर्णन आजही मान्य आहे. शीर्षकातील शब्दांशी मात्र आमचा वाद आहे.

‘सार्कॉइड’ म्हणजे सार्कोमासारखे. हा कर्करोग नव्हे, तरीही नावातली भीती राहिली. ‘त्वचेचे’ हा शब्दही अपुरा आहे. हाच रोग फुप्फुसे, डोळे, हृदय यांतही आढळतो. म्हणून त्वचेवर निदान झाले, तरी छातीचा एक्स-रे, हृदयाचा आलेख आणि डोळ्यांची तपासणी करावी लागते.

‘सौम्य’ हा शब्द तर अर्धाच खरा. नडगीवर दुखऱ्या लाल गाठी येतात, तेव्हा त्या बहुधा काही आठवड्यांत आपोआप जातात आणि रोगाचा पुढचा प्रवासही सहसा चांगला असतो. याउलट नाक, गाल, कान यांवर जांभळट, जाड चट्टे आले तर ते वर्षानुवर्षे राहतात, व्रण ठेवतात आणि नाकाच्या आतही पसरू शकतात. दोन्हींना एकच ‘सौम्य’ कसे म्हणावे?

उपचारही म्हणूनच एक नाही. थोडे, न दुखणारे डाग असतील तर नुसते लक्ष ठेवणेही योग्य ठरते. किंवा स्टेरॉइडचे मलम, डागातच दिलेले इंजेक्शन पुरते. चेहरा विद्रूप होत असेल तर हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, मेथोट्रेक्सेट, आणि हट्टी रोगात इन्फ्लिक्सिमॅबसारखी औषधे विचारात घेतात. पोटातून दीर्घकाळ स्टेरॉइड घेतल्यास साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. ही किंमत डागाच्या मानाने मोजावी लागते. आपल्या देशात आणखी एक खबरदारी हवी. क्षयरोग आणि कुष्ठरोगातही ग्रॅन्युलोमा होतात. त्वचेचा तुकडा तपासून ते दोन्ही आधी वगळले नाहीत, तर स्टेरॉइडने क्षय बळावू शकतो.

‘रोग, त्याचे जंतू, त्याचे औषध’ असा तक्ता आपण वर्गात शिकवतो. हा रोग त्या तक्त्यात बसत नाही. त्याचे निश्चित कारण अजून सापडलेले नाही, आणि कधी कधी औषध न देणे हाच विचारपूर्वक घेतलेला निर्णय असतो. तक्त्याशेजारी हे एक उदाहरण शिक्षकांनी जरूर मांडावे, असे आम्हाला वाटते.