दूरयात्रा आणि घाटवाट : एका अवकाश-खेळाचा विचार

प्रवासाचे मूल्य अंतरावर ठरवावे की परतीवर, हा प्रवासवाङ्मयाच्या अभ्यासातील जुनाच प्रश्न होय. संगणकावरील अवकाश-खेळांनी तो नव्या रूपात पुढे आणला आहे. केंब्रिजच्या फ्रंटिअर डेव्हलपमेंट्सचा ‘एलिट डेंजरस’ हा खेळ डिसेंबर २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आकाशगंगेची मूळ प्रमाणातील प्रतिकृती असून तारकासंस्थांची संख्या सुमारे ४०,००० कोटी आहे. १३ जानेवारी २०१९ रोजी हजारो खेळाडूंनी ‘डिस्टंट वर्ल्ड्स २’ ही मोहीम आरंभिली आणि सूर्यापासून सुमारे ६५,००० प्रकाशवर्षे दूर असलेल्या बीगल पॉइंटकडे अनेक आठवडे वाटचाल केली.

या प्रवासातील क्रिया मोजक्याच आहेत : झेप, निरीक्षण, ताऱ्यापासून इंधन घेणे, पुन्हा झेप. हा सारा कंटाळ्याचा व्यापार आहे, असा आक्षेप संभवतो. तो सर्वस्वी निराधार नाही. गणिती नियमांनी घडविलेले ग्रह लवकरच एकमेकांसारखे भासू लागतात. तथापि या आक्षेपात खेळाच्या एका नियमाकडे दुर्लक्ष होते. शोधाची माहिती स्थानकावर पोहोचवून विकल्यावाचून तो शोध शोधकाच्या नावे लागत नाही; त्याआधी यान नष्ट झाल्यास आठवड्यांचे संचित लयास जाते. झेपेला गांभीर्य येते ते या शक्यतेमुळे, अंतरामुळे नव्हे.

नाव लागण्याचे मोल पारखण्यास ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड हे घाटाखालचे तालुके उपयोगी पडतात. शहापुरातून थळघाट चढतो, तर मुरबाडातून माळशेज आणि नाणेघाट. नाणेघाट ही कल्याण बंदर व जुन्नर यांना जोडणारी प्राचीन व्यापारी वाट होय. माथ्यावरील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा म्हणून ओळखला जाणारा ब्राह्मी लेख आहे. त्यात यज्ञांची आणि दानांची नोंद अंकांसह केलेली आहे. तेथील राजकुलाच्या मूर्ती भग्न झाल्या, परंतु त्यांच्यावरील नावे राहिली.

खेळातील ताऱ्यावरही शोधकाचे नाव राहते. भेद एवढाच की, नाणेघाटातील नावे वाहत्या वाटेवर कोरलेली होती. त्यांना वाचक निश्चित होता. दूरच्या ताऱ्याकडे मात्र पुन्हा कोणी फिरकेलच असे नाही. वाचकावाचून नाव ही केवळ नोंद होय, आणि एकट्या शोधकाच्या प्रवासाची खरी उणीव येथेच आहे.

ही उणीव सामुदायिक मोहिमेने काही अंशी भरून काढली. सहभागी खेळाडूंनी खनिजे पुरवून आकाशगंगेच्या केंद्राजवळ ‘एक्सप्लोरर्स अँकरेज’ हे स्थानक उभे राहण्यास साह्य केले. पुढील प्रवाशांना त्याचा आधार झाला. नाणेघाटातही लेखाबरोबर पाण्याची कोरीव टाकी आहेत. लेख राजकुलाचा, टाकी वाटसरूंची. जुन्या भाषेत व्यापारी तांड्यास ‘सार्थ’ म्हणत. त्या दृष्टीने पाहता या मोहिमेचे श्रेय बीगल पॉइंट गाठण्यापेक्षा मागून येणाऱ्यांसाठी विसावा निर्माण करण्यात अधिक आहे, असेच म्हणावे लागते.